विश्लेषण : मानसिक आजाराचे निदान नसलेल्यांच्या मनातही आत्महत्येचा विचार का येतो?

‘कालपर्यंत तर हसतखेळत होता…’, ‘कसला आजार नव्हता, कधी डॉक्टरकडे जायची वेळ आली नाही…’ आत्महत्येची घटना घडल्यावर नातेवाईक, शेजारी आणि सहकाऱ्यांच्या तोंडी हमखास अशी वाक्ये असतात. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो आणि कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक समस्या’, ‘कर्जबाजारीपणा’ किंवा ‘कारण अस्पष्ट’ असे लिहून कागद बंद होतात. दुसरीकडे, आत्महत्येमागे जवळपास नेहमीच मानसिक आजार असतो, असे वैद्यकीय पुस्तके कित्येक वर्षे सांगत आली आहेत. मग घरच्यांना आजार ओळखता आला नाही, की आजार खरोखरच नव्हता? गेल्या काही वर्षांतील संशोधन या दुसऱ्या शक्यतेकडेही गांभीर्याने पाहू लागले आहे. प्रश्न केवळ तज्ज्ञांच्या वादाचा नाही. आत्महत्या रोखण्याचे बहुतेक उपक्रम ‘आजारी माणूस शोधा, त्याच्यावर उपचार करा’ या पायावर उभे आहेत. ज्याला आजारच नाही तो या जाळ्यात सापडणार कसा?

अमेरिकेतील अभ्यासात काय आढळले?

मनोविकारतज्ज्ञ मारिया ओकेंडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘जामा सायकायट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यासाठी २०१२-१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या घरोघर सर्वेक्षणाची माहिती वापरण्यात आली. ३६ हजारांहून अधिक प्रौढांच्या सविस्तर मुलाखती त्यात होत्या. आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे त्यातील १,९४८ जणांनी सांगितले होते. यातील ६.२ टक्के लोकांना आयुष्यात कधीच कोणताही मानसिक विकार झालेला नव्हता. आणखी १३.३ टक्के लोकांना विकार जडला, पण तो पहिल्या प्रयत्नानंतर. म्हणजे प्रयत्नाच्या वेळी साधारण पाचातील एक जण कोणत्याही निदानात बसत नव्हता.

या लोकांना कोणी डॉक्टरने तपासून ‘निरोगी’ ठरवले होते असे नव्हे. सर्वेक्षण करणाऱ्यांनी सर्वांना ठरावीक प्रश्नावली विचारली आणि उत्तरांवरून विकार होता की नाही हे ठरवले. त्यामुळे ‘निदान झाले नव्हते’ एवढाच याचा अर्थ नाही. निकष लावून पाहिल्यावरही विकार सापडला नाही, असा तो आहे. अर्थात ही माहिती आठवणींवर आधारलेली आहे आणि ती वाचलेल्या माणसांची आहे.

मृत्यू पावलेल्यांबाबतची माहिती अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राने (सीडीसी) २०१८ मध्ये दिली होती. २७ राज्यांतील २०१५ मधील आत्महत्यांच्या नोंदी तपासल्यावर ५४ टक्के व्यक्तींना कोणताही ज्ञात मानसिक आजार नव्हता, असे आढळले. हा आकडा त्या वेळी बराच गाजला. मात्र त्यातील ‘ज्ञात’ हा शब्द महत्त्वाचा. पोलीस, शवविच्छेदन करणारे डॉक्टर आणि नातेवाईक यांना माहीत नव्हते, एवढेच त्यावरून म्हणता येते. मात्र त्याच नोंदींत या माणसांच्या आयुष्यात काय चालले होते तेही होते : नात्यातील तणाव, गेल्या किंवा येत्या दोन आठवड्यांतील एखादे संकट, व्यसन, शारीरिक दुखणे, नोकरी किंवा पैशांची चणचण, कोर्टकचेरी, राहते घर जाण्याची वेळ. ज्ञात आजार नसलेल्यांत पुरुषांचे प्रमाण ८४ टक्के होते.

‘९० टक्के’ हा आकडा आला कुठून?

आत्महत्या करणाऱ्या ९० टक्के व्यक्तींना मानसिक आजार असतो, हे वाक्य आजही अनेक जनजागृती पत्रकांवर दिसते. ते निराधार नाही, पण ते कुठून आले हे समजून घ्यायला हवे.

लॉस एंजेलिस येथे १९५८ मध्ये आत्महत्या प्रतिबंध केंद्र सुरू झाले. एडविन श्नाइडमन, नॉर्मन फार्बरो आणि रॉबर्ट लिटमन यांनी तेथे ‘मानसशास्त्रीय शवविच्छेदन’ ही पद्धत रुजवली. मृत व्यक्तीच्या घरच्यांशी, मित्रांशी, डॉक्टरांशी बोलायचे, चिठ्ठ्या आणि कागदपत्रे पाहायची आणि शेवटच्या काळातील तिच्या मनाचा अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत. पुढे जगभर असे अभ्यास झाले. २००३ मध्ये त्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा सरासरी ९० टक्क्यांच्या आसपास निघाली. लक्ष्मी विजयकुमार आणि सहकाऱ्यांनी चेन्नईत १०० आत्महत्यांचा अभ्यास केला होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही ८८ टक्के व्यक्तींना मनोविकार असल्याचे दिसले.

पण माणूस गेल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, दुःखात बुडालेल्या आईला किंवा भावाला ‘शेवटच्या दिवसांत त्याला झोप येत होती का, भूक लागत होती का, स्वतःला कमी लेखत होता का’ असे विचारले, तर उत्तर कसे येईल? घडून गेलेल्या गोष्टीचा अर्थ लावण्यासाठी सगळेच मागे वळून खुणा शोधतात आणि त्या सापडतातही. मुलाखत घेणाऱ्यालाही शेवट आधीच ठाऊक असतो. नॉर्वेच्या हाइडी येल्मेलॅण्ड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या पद्धतीवर नेमका हाच आक्षेप घेतला. जिवंत माणसाचे निदान त्याच्याशी बोलूनच होते. तो नसताना दुसऱ्यांच्या सांगण्यावरून केलेले निदान किती भरवशाचे, असा त्यांचा सवाल होता. तो अजून निकाली निघालेला नाही.

आशियातील चित्र वेगळे का दिसते?

पद्धत तीच वापरूनही आशियाच्या ग्रामीण भागात आकडे बरेच खाली येतात. मायकल फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी चीनमध्ये ५१९ आत्महत्यांचा अभ्यास केला, तेव्हा ६३ टक्के व्यक्तींना मानसिक आजार असल्याचे आढळले (२००२). म्हणजे तिघांतील एकापेक्षा जास्त जणांना नव्हता.

आपल्याला अधिक जवळचा अभ्यास तमिळनाडूतील आहे. वेल्लोर जिल्ह्यातील कनियाम्बाडी भागात १०० ग्रामीण आत्महत्यांची तपासणी झाली. ती २०१० मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्री’त आली. तिथे निदानात बसणाऱ्या व्यक्ती केवळ ३७ टक्के निघाल्या. त्यातही १६ टक्के दारूचे अवलंबित्व आणि १५ टक्के समायोजन विकार, म्हणजे एखाद्या आघाताशी जुळवून घेता न आल्याने उद्भवणारी अवस्था. तीव्र नैराश्य आणि स्किझोफ्रेनिया प्रत्येकी अवघे दोन टक्के. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच होत्या : सततचे शारीरिक दुखणे, एकटे राहणे, गेल्या वर्षभरात तुटलेले जवळचे नाते.

चेन्नई आणि वेल्लोर यांच्यात अंतर फार नाही, तरी एकीकडे ८८ आणि दुसरीकडे ३७ टक्के. शहर आणि गाव हा फरक आहेच. दारूचे व्यसन, व्यक्तिमत्त्व दोष, तात्पुरता मानसिक ताण यांना ‘आजार’ म्हणायचे की नाही, यावरही आकडा हलतो. त्यामुळे कोणत्याही एका टक्केवारीवर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

चीनची पुढची कहाणीही बोलकी आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे लाखामागे सुमारे २३ आत्महत्या होत. २०१०च्या आसपास हा दर दहाच्या खाली आला. या काळात गावोगाव मनोविकारतज्ज्ञ पोहोचले, असे काही झाले नव्हते. तरुण स्त्रिया कामासाठी शहरांकडे गेल्या, सासरच्या कोंडमाऱ्यातून बाहेर पडल्या, हातात पैसा आला आणि शेतातील विषारी औषधे रोजच्या हाताशी राहिली नाहीत, ही कारणे अभ्यासक पुढे करतात.

आजार नव्हता, की निदानच झाले नव्हते?

भारतात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. ज्या देशात बहुतेक रुग्णांना डॉक्टरच भेटत नाही, तेथे ‘निदान नव्हते’ या वाक्यावरून ‘आजार नव्हता’ असे म्हणणे धाडसाचे ठरेल. नैराश्य आपल्याकडे अनेकदा डोकेदुखी, अंगदुखी, अपचन, अशक्तपणा अशा रूपात दवाखान्यात येते आणि टॉनिक घेऊन परत जाते. पुरुषांत ते चिडचिड आणि दारूच्या रूपात दिसते. ‘दारू पितो, पण आजार काही नाही’ असे घरोघरी सांगितले जाते; वैद्यकशास्त्राच्या लेखी मात्र दारूचे अवलंबित्व हाच एक आजार आहे.

तेव्हा ‘निदान नसलेले’ हा एकच गट नाही. काहींना आजार असतो, पण तो कुणी ओळखलेला नसतो. काहींना त्रास असतो, पण निकषाच्या रेषेपर्यंत पोहोचत नाही. आणि काही जण खरोखर त्या रेषेच्या बाहेर असतात. त्यांच्यावर अचानक किंवा हळूहळू असे काही कोसळते की त्यातून वाटच दिसत नाही. पहिल्या गटाला डॉक्टर हवा, यात वाद नाही. नैराश्यावर औषधे आणि समुपदेशन दोन्ही उपयोगी पडतात आणि ‘आजार नसलेलेही आत्महत्या करतात’ या निष्कर्षातून कुणी चालू उपचार सोडले, तर अनर्थ होईल. तिसऱ्या गटाला मात्र केवळ डॉक्टर पुरत नाही.

वैद्यकशास्त्रही याच दिशेने सरकत आहे. आत्महत्येचे वर्तन म्हणजे नैराश्याचे केवळ एक लक्षण, असे पूर्वी मानले जाई. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेने २०१३ मध्ये ‘आत्मघाती वर्तन विकार’ पुढील अभ्यासासाठीच्या यादीत टाकला आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत अशा वर्तनाची स्वतंत्र नोंद करण्यासाठी संकेतांक दिले. निदान कोणतेही असो किंवा नसो, प्रयत्न झाला असेल तर तो नोंदवायचा आणि त्याकडे लक्ष द्यायचे.

मग नेमके काय घडते?

श्नाइडमन यांनी याला ‘मनाची असह्य वेदना’ म्हटले होते. मरणे हा बहुतेकांचा हेतू नसतो. ही वेदना थांबावी एवढेच हवे असते, असे त्यांचे म्हणणे. थॉमस जॉयनर यांनी २००५ मध्ये दोन भावनांवर बोट ठेवले : आपण कुणाचेच नाही आणि आपण सगळ्यांवर ओझे झालो आहोत. ब्रिटनमधील रोरी ओ’कॉनर पराभव आणि कोंडी यांवर भर देतात. हरल्याची भावना असतेच, पण ती धोकादायक होते ती सुटकेचा रस्ता बंद झाल्यासारखे वाटू लागल्यावर. यातील एकाही गोष्टीसाठी आधी मानसिक आजार असावा लागत नाही. नोकरी गेलेला, बदनामीची भीती असलेला किंवा सासरी मार खाणाऱ्या बाईला माहेरीही ‘तिथेच राहा’ असे ऐकावे लागलेले असेल, तर ही कोंडी मनाने रचलेली नसते. ती खरी असते.

विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या अभ्यासात ही कोंडी आकड्यांत दिसते. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्रा यांनी २००६ मध्ये पश्चिम विदर्भातील अशा १११ घरांची पाहणी मांडली. ८७ टक्के घरांत कर्ज होते, ७४ टक्के घरांची आर्थिक स्थिती घसरलेली होती. नापिकी, गावातील पत घटणे, मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाची चिंता, व्यसन, आजारपण अशा बाबी त्यावर चढत गेल्या होत्या. आणि निम्म्याहून अधिक प्रकरणांत त्या माणसाने आपली अडचण घरात सांगितलीच नव्हती. सावकाराची तारीख त्याला एकट्याला माहीत, बँकेची नोटीस त्याच्या एकट्याच्या खिशात. ‘कालपर्यंत तर चांगला होता’ हे वाक्य म्हणूनच खोटे नसते. घराला दिसत होते ते खरे होते. जे दिसत नव्हते तेही खरे होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. सर्वाधिक २२ हजार ७४६ महाराष्ट्रात. कारणांत ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के, ‘आजारपण’ १८.४ टक्के, व्यसन ६.८ टक्के, विवाहाशी संबंधित बाबी ४.८ टक्के, प्रेमप्रकरण ४.५ टक्के, कर्ज ४.१ टक्के. एकूण मृतांत २६.४ टक्के रोजंदारी मजूर होते. शेतकऱ्यांच्या प्रश्नावर निदान चर्चा तरी होते. मजुरांचा हा आकडा दरवर्षी येतो आणि विसरला जातो.

या कारणांच्या यादीकडे सावधपणे पाहायला हवे. एका हवालदाराने एका दुपारी, रडणाऱ्या माणसांशी बोलून भरलेला तो रकाना असतो. त्यात एकच कारण लिहिता येते. ‘कौटुंबिक समस्या’ या दोन शब्दांखाली मारहाण, हुंड्याचा छळ, दारू, जमिनीची वाटणी, मूल न होणे, सगळेच दडपले जाते.

विचार आणि कृती यांत किती अंतर असते?

निदान नसलेल्यांच्या बाबतीत हा मुद्दा कळीचा ठरतो. प्रयत्नातून वाचलेल्यांशी बोलून केलेल्या अभ्यासांत, निर्णय आणि कृती यांतील काळ अनेकांच्या बाबतीत फारच थोडा असल्याचे दिसले. अमेरिकेत ह्यूस्टन येथे तरुणांच्या अभ्यासात सुमारे एक चतुर्थांश जणांनी तो पाच मिनिटांहून कमी असल्याचे सांगितले. ऑस्ट्रियातील एका अभ्यासात जवळपास निम्म्यांच्या बाबतीत तो दहा मिनिटांच्या आत होता. ताण आधीपासून साचलेला असतो. पण टोकाचा क्षण अचानक येतो आणि, महत्त्वाचे म्हणजे, तो जातोही.

तो जातो याचा पुरावा रिचर्ड सायडन यांनी १९७८ मध्ये मांडला. सॅन फ्रान्सिस्कोतील एका पुलावर ऐनवेळी अडवलेल्या ५१५ जणांचे पुढे काय झाले, याचा त्यांनी अनेक वर्षांनंतर माग काढला. ९४ टक्के जण जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. ‘आज अडवले तर उद्या करेल’ हा समज तेव्हाच खोडला गेला होता. तरी तो आपल्याकडे अजून पोलीस ठाण्यापासून चावडीपर्यंत ऐकू येतो.

श्रीलंकेने काय केले?

क्षण टळला तर माणूस वाचतो, हे मान्य केले की पुढचा प्रश्न येतो तो हाताशी काय आहे याचा. १९९५ च्या सुमारास श्रीलंकेतील आत्महत्येचा दर लाखामागे ४७ पर्यंत गेला होता, जगात सर्वाधिक दरांपैकी एक. त्यातील मोठा वाटा शेतातील कीटकनाशकांचा होता. सरकारने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. १९९५ मध्ये एक टप्पा, १९९८ मध्ये दुसरा, २००८ नंतर तिसरा. दोन दशकांत दर साधारण ७० टक्क्यांनी उतरला. १९९५ ते २०१५ या काळात अंदाजे ९३ हजार जीव वाचले, असे अभ्यासकांचे गणित आहे. शेती उत्पादन घटल्याचेही दिसले नाही.

यात लोकांचे दुःख कमी झाले असे नव्हे. विषबाधा होऊन रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या लगेच घटली नाही. फरक इतकाच की ते जिवंत घरी परतू लागले.

याच देशात फसलेला एक प्रयोगही आहे. औषधे घरात कुलूपबंद पेटीत ठेवली तर धोका टळेल, अशी कल्पना होती. १८० गावांतील ५३ हजारांहून अधिक घरांत हा प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : फरक पडला नाही. किल्ली घरातच असते, हे उघड कारण. प्रत्येक घराने सावध राहावे, ही अपेक्षा सोपी वाटते; दुकानातच तो डबा न येणे जास्त उपयोगी पडते. भारताने २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, त्यातील काही २०२० अखेरपर्यंत चालू होती. इतर अतिविषारी औषधांचे काय, हा वाद कृषी खाते, कंपन्या आणि आरोग्य तज्ज्ञ यांच्यात सुरूच आहे.

उपाय दवाखान्याबाहेरही असू शकतो?

इंडोनेशियात गरीब कुटुंबांना काही अटींवर रोख मदत देणारी योजना २००७ पासून राबवली जात आहे. ती आत्महत्या रोखण्यासाठी आखलेलीच नव्हती. पण ज्या भागांत ती पोहोचली तेथे आत्महत्यांचे प्रमाण १८ टक्क्यांनी घटल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवले. पाऊस कमी झालेल्या वर्षी शेतकरी भागात आत्महत्या वाढत. हाती रोख पैसा असलेल्या ठिकाणी ही वाढही सौम्य झाली.

परीक्षांच्या निकालाबाबत तमिळनाडूने शिकवलेला धडा साधा होता. नापास झालेल्या विद्यार्थ्याला महिन्याभरात पुन्हा परीक्षा देता आली तर वर्ष वाया जात नाही, म्हणजे कोंडी फुटते. महाराष्ट्रातही दहावीची पुरवणी परीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैमध्ये घेण्यामागे वर्ष वाचवणे हाच विचार होता. निकालाच्या दिवशी मुलाशी बोलायला समुपदेशक हवा हे खरे; पण त्याला सांगण्याजोगी पुढची तारीखही हवी.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेला ‘विश्राम’ प्रकल्प नैराश्यासाठी होता. तरी तेथे गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ओटीवर बसून लोकांशी ताणतणावाबद्दल बोलायला सुरुवात केली, ‘आजार’ हा शब्द बाजूला ठेवून. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. राज्य सरकारने २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही आशा सेविकांवरच भिस्त होती. आशांवर आधीच किती कामांचा बोजा आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय.

कायदा काय म्हणतो?

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. २०१३ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या मानसिक आरोग्य विधेयकात, प्रयत्न करणारी व्यक्ती मानसिक आजारी असल्याचे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा करू नये, अशी तरतूद होती. त्यावर आक्षेप आले. शिक्षेतून सुटण्यासाठी प्रत्येकाच्या कपाळावर मनोरुग्णाचा शिक्का मारायचा का? शेवटी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम ११५ मध्ये शब्द बदलला : ‘तीव्र तणाव’. अशा व्यक्तीवर खटला भरायचा नाही. उलट तिची देखभाल, उपचार आणि पुनर्वसन करण्याची जबाबदारी सरकारची. संशोधक ज्या मुद्द्यावर अजून वाद घालत आहेत, तो संसदेने एका शब्दात मान्य केला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ उरलेच नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरती कलम २२६ मध्ये शिक्षा आहे. तरीही पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात ‘चुकून घडले’ असे सांगितले जाते आणि पुढची मदत तिथेच तुटते.

घरच्यांनी कशाकडे पाहावे?

आजाराची लक्षणे शोधत बसण्यापेक्षा गेल्या काही आठवड्यांत काय घडले ते पाहणे अधिक उपयोगाचे. नोकरी गेली का, लग्न मोडले का, वसुलीचे फोन येतात का, ऑनलाइन कर्जाच्या अॅपवरून धमक्या येतात का, कोर्टाची तारीख किंवा निकाल जवळ आला आहे का, जवळचे कुणी गेले आहे का, दुखणे बरे होत नाही का. त्याच्या जोडीला झोप उडणे, दारू वाढणे, फोन न उचलणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’, ‘मी नसलो तर सुटाल’ अशी वाक्ये असतील, तर त्याकडे नाटक म्हणून पाहू नये. खूप अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत झाला, तर तेही तपासावे.

स्पष्ट विचारायला लोक घाबरतात. विचारल्याने डोक्यात नसलेली गोष्ट शिरेल, असे वाटते. अभ्यासांत तसे आढळलेले नाही. ‘जीव नकोसा वाटतो का? तसे काही मनात येते का?’ असे शांतपणे, एकांतात विचारता येते. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश नको, ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक जगतात’ हे तर नकोच. ऐकून घ्यावे, त्या दिवशी त्या माणसाला एकटे सोडू नये, धोक्याच्या वस्तू घरातून हलवाव्यात आणि डॉक्टर किंवा समुपदेशकापर्यंत सोबत जावे. त्याचबरोबर खरी अडचण एक पायरी तरी हलवावी : बँकेत बरोबर जाणे, सावकाराशी भावाने बोलणे, लेकीला सासरहून घरी आणणे.

आणि ज्या घरात हे घडून गेले आहे, तिथे ‘आम्हाला कसे कळले नाही’ हा प्रश्न वर्षानुवर्षे छळतो. कळण्याजोगा आजार प्रत्येक वेळी नसतो, हे या संशोधनातून पुढे आलेले सत्य त्या घरांसाठीही आहे.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास चालू असते. मराठीतही बोलता येते. फोन करण्यासाठी निदान, केसपेपर किंवा डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. स्वतःसाठी नव्हे, घरातल्या कुणासाठी काळजी वाटत असेल तरी फोन करता येतो. जीवाला तातडीचा धोका असेल तर ११२.